पार्किंग नंबर सतरा

धायरीत, पार्किंग नंबर सतरामध्ये
अठरा फुटी होडी उलटी पडलीय.
प्लायवूडची, इपॉक्सीचे दोन हात झालेले,
डोलकाठी अजून बाल्कनीत, तिच्यावर टॉवेल वाळतात.
सोसायटीच्या सभेत दोनदा विषय निघाला:
हे वाहन, की फर्निचर?
सोमणबाई म्हणाल्या, चाकं नाहीत ना, मग मेंटेनन्स वेगळा लावा.
मी लावून घेतला.

नकाशे मागवले. अंतरं काढली सागरी मैलांत.
मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत अकरा मुक्काम,
एक्सेलमध्ये, प्रत्येकापुढे खोली, दीपगृह, डिझेल.
रात्रपाळीचे याकूब सोलकर
चष्मा कपाळावर ढकलून कागद बघत राहिले.
बत्तीस वर्षं दाभोळला तांडेल,
मग गुडघे, मग पोरगी हडपसरला दिलेली,
मग हा निळा शर्ट आणि शिट्टी.
म्हणाले, साहेब, ह्यात वारा कुठल्या रकान्यात?

मग सांगायला लागले, तेही क्रमाने नाही.

बाणकोटला सुकतीला आत शिरू नका.
तोंडावर वाळू आहे, ती दरसाल घर बदलते,
अकरा महिन्यांचा करार असल्यासारखी.
हर्णैला रात्र काढू नका, उघडं पडतं.
संध्याकाळचा लिलाव बघा, एक सुरमई घ्या, सुटा.
जयगडला मात्र झोपा.
जयगडला नांगर धरला की माणूस घोरतो,
मी स्वतः घोरलोय.
पहाटे मतलई सुटली की डोळा आपसूक उघडेल,
ती वाया घालवायची नाही.
दुपारचा वायव्येचा पाठीवर घ्या,
पण ऊन उतरायच्या आत कुठल्यातरी खाडीत असा.

आणि विजयदुर्ग?
ते जरा थांबले. तिथं होडी बांधून म्हातारं व्हावं.

मालवणला खडपं आहेत. दिसतात ती बरी.
तिथं कुणालातरी हाक मारा.
लाजू नका. पुण्यातली माणसं हाक मारत नाहीत,
मोबाइलमध्ये बघतात आणि आपटतात.

पूर्णगडला हमीदाचं घर विचारा,
तांदळाची भाकरी बांधून देईल.
असेल तर.
बराच वेळ पंपाचा आवाज ऐकत राहिलो आम्ही.
नसेल तर सून देईल, म्हणाले.
मी डिझेलशेजारी एक रकाना वाढवला: हमीदा, किंवा सून.

शेवटी कागद परत देताना:
हे झालं जायचं. यायचं कुठाय?
मी म्हटलं, तेच उलटं.
तसे हसले, की बी विंगचा कुत्रा उठून बसला.
उलटं नसतं हो. येताना तोच वारा तोंडावर.
जायचे मुक्काम वेगळे, यायचे वेगळे.
जाताना ज्या गावाकडे बघितलंही नाही
तिथं येताना तीन दिवस अडकायला होतं,
आणि तिथलीच माणसं मग लग्नाला बोलावतात.

अडीचला ते राउंडला उठतात.
गेट, पंपरूम, लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर,
मागची भिंत, जिथून मुलं चेंडूसाठी उडी मारतात.
परत कधीच त्याच वाटेने येत नाहीत.
चौथ्या मजल्यावरून मला बॅटरीचा उजेड दिसतो,
सतरापाशी येऊन तो विझतो.
नाळेवर तळहात ठेवून उभे राहतात,
कुणाचा ताप बघावा तसे,
आणि मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

परवा कुरिअरची सही करताना
गेटवरचं जुनं रजिस्टर उघडलं गेलं.
दोन वर्षांपूर्वी टेम्पोतून फळ्या आल्या, ती रात्र.
नाव: होडी. कुणाकडे: बी ४०३.
येण्याची वेळ: ९.४०.
जाण्याची वेळ, ह्या रकान्यात पेनने काही नाही,
पेन्सिलीने, पुसता येईल असं बारीक:
भरती बघून.

मी रजिस्टर मिटलं. खोकं तिथेच फोडलं.
सुकाणूच्या बिजागऱ्या आल्या होत्या.
तीन मागवल्या होत्या, दोनच निघाल्या.