खोकल्याचं बटण

शनिवारी सहाला मी त्यांना किल्ली देतो.
ग्रिसेल, येर्को, आणि येर्कोची धाकटी बहीण
जिला कुणीच बोलावलेलं नसतं.
खाणकामगारांचं जुनं रेडिओघर हे,
बोलिव्हियाच्या पठारावर, ढगांच्याही वर,
पत्र्याचं छप्पर, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे
(माझ्या बायकोने चिकटवलेले).
इथून आम्ही संपाच्या बातम्या द्यायचो,
आणि सैन्य दिसलं की भोंगा.

आता ऐका काय चालतं:
अर्धा तास मुरुमांवर.
बटाट्याची साल चोळावी की चोळू नये.
मग एका मुलीची चिठ्ठी, नाव न सांगता,
जणू या गावात कुणाचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही:
चुंबनानंतर सर्दी झाली, आईला काय सांगू?
मी आत ट्रान्समीटरपाशी
कपाळाला हात लावून.

आणि मग 'नळाचं मिनिट'.
दर आठवड्याला एक घर गाठतात,
तोटीला माइक बांधतात, पुरे साठ सेकंद.
टेकडीवरच्या फ्लोरेन्तिनाकडे: फुस्स.
शाळेत: टप…
टप.
इंजिनियरांच्या वसाहतीत: धबाधबा.
आरोप नाही, भाष्य नाही, नुसतं ऐकवतात.
नगराध्यक्षांचा माणूस आला, म्हणाला, पोरांना आवरा.
मी म्हटलं, पोरं बोलली कुठे?
नळ बोलला.

ही गोष्ट ऑगस्टातली, पाणी बादलीतच गोठायचे दिवस.
येर्को तापाने झोपलेला,
म्हणून बाजारभाव वाचायला मी बसलो.
या टेबलावर एक लाल बटण आहे,
दाबलं की माइक मुका.
एकतीस वर्षं दाबत आलोय.
खाणीतली धूळ छातीत घर करून आहे,
दर चार वाक्यांनी दार ठोठावते.
बटण दाबायचं, खोकायचं, बटण सोडायचं,
पुढचा भाव.
गावाला वाटायचं, सेवेरो विचार करून बोलतो.

त्या शनिवारी बटण चाललं नाही.
धाकटीने आतली स्प्रिंग काढली होती,
पेनात बसवायला हवी होती, असं ती म्हणते.

सगळं गेलं हवेवर.
ओलं, लांबलचक, मुळापासून उपटलेलं,
शेवटी खरवडलेल्या पातेल्यासारखं.
मी काचेपलीकडे पाहिलं.
ग्रिसेलचं बोट गाण्याच्या कळीवर होतं
आणि तिथेच राहिलं.

मग फोन वाजला.
पलीकडे कुणी बोलेना. नुसता खोकला.
ओळखला मी: तिसऱ्या पाळीचा एव्हारिस्तो.
लगेच दुसरा, कोरडा, सुतारासारखा,
हा आयसाक, नक्की आयसाक.
मग एक बाई.
नवरा जाऊन सहा वर्षं झाली म्हणाली,
नातवाच्या बाप्तिस्म्याची कॅसेट आहे,
त्यात पाद्र्याच्या मागे त्याचा खोकला आहे,
लावाल का?

लावली पोरांनी. पुढच्या शनिवारी.
नळाच्या जागी.
आणि खाली, अगदी साध्या आवाजात, ग्रिसेलने विचारलं
कंपनीच्या दवाखान्यात काढलेले छातीचे फोटो
कुठल्या कपाटात असतात,
आणि किल्ली कुणाकडे.
उत्तर अजून आलेलं नाही.
ती दर शनिवारी विचारते,
हवामान सांगावं तसं.

बटणाला मी नवी स्प्रिंग बसवली.
चालतं झकास.
भाव वाचताना बोट त्यावर असतं,
कधी दाबतो, कधी राहून जातं,
काचेला नाक लावून धाकटी बघत असते.
मुरुमांवर अजून अर्धा तास जातोच.
साल चोळू नये, असं माझं मत आहे.
मला कुणी विचारलेलं नाही.