हिचाच पाना

हरिपूरच्या वखारीत पोत्यांखाली होती मॅचलेस.
आरवाडेअण्णांनी काट्याकडं बोट केलं :
'दीडशे किलो. भंगाराच्या भावानं न्या.'

कार्ब्युरेटर उघडला तर आत हळद,
तीस वर्षांची, अजून पिवळीजर्द.

मिरजेत दस्तगीर मुजावर म्हणाले,
'हिचे आटे ना मेट्रिक, ना आपले इंची.
हिला हिचाच पाना लागतो,'
आणि वडिलांच्या डब्यातून काढला,
ग्रीसमध्ये गुंडाळलेला.

अकरा महिने.
पिस्टन रिंगा दोनदा चुकीच्या आल्या.
बायकोनं विचारणं सोडलं.

मग एका मंगळवारी, सोळाव्या किकला
ती खोकली,
सायलेन्सरमधून माझ्या पँटवर
पिवळी फुंकर.

मजुरी विचारली.
'कृष्णाघाटापर्यंत एक चक्कर,'
पाना पुसत म्हणाले,
'पण मागं नाही बसणार मी.'