वाळूतली ओल

दुसऱ्या गेटाला मालगाडी आडवी आली
की मी स्कूटर बंद करून फोन काढतो.
हितं सकाळचे साडेआठ,
तिकडं हॅमिल्टनात तृप्तीची रात्र.
तिची खोली तळघरात. वर म्हातारा नुंझियो खोकतो
तेही ऐकू येतं.

अप्पा, आज आम्ही अंजीर गाडलं.
गाडलं?
अख्खं झाड. एका बाजूची मुळं तोडली,
फांद्या दोरीनं आवळल्या, हळूहळू वाकवलं,
खड्ड्यात आडवं निजवलं,
वर फळ्या, गोणपाट, माती, एक जुनं दार.
एप्रिलात उकरायचं. नाहीतर बर्फानं मरतं.
त्याच्या बापानं कालाब्रियातून
कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली काडी होती म्हणे.

मी चाळीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर.
वाळूत वस्तू पुरणं माझ्या हाताला नवं नाही.
पॅटर्न ठेवायचा, वाळू ठोकायची, पॅटर्न उचलायचा,
मग पोकळीच तेवढी उरते, तिच्यात लोखंड ओतायचं.
पण जितं झाड?

नुंझियोही भट्टीवरचाच निघाला.
तिच्याकरवी विचारलं त्यानं:
बापाला विचार, वाळूत ओल किती ठेवतो?
मी म्हटलं, मूठ आवळून सोडली की बोटं उमटावीत,
मोडली तर कड ढासळू नये.
तिनं सांगितलं असणार, कारण वरून हसू आलं,
मग खोकला.

एकेका मालगाडीला त्याचं थोडं थोडं कळत गेलं.
बाराव्या वर्षी बोट, मग आगगाडीत रात्रीमागून रात्र,
कोटाला नावाची चिठ्ठी, पोस्टाच्या पार्सलासारखी.
काका आधीच येऊन केस कापत होता.
लढाई लागली तेव्हा अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक
खुर्चीत तसंच सोडून शिपायांबरोबर गेला.
दोन वर्षांनी परत. गुन्हा विचारला, तर आडनाव.
तेव्हापासून काकू घरात बोलायच्या आधी
खिडकी लावून घ्यायची. उन्हाळ्यातही.

यावर मी काही बोललो नाही. डबे मोजत होतो.
आम्ही तर कुठं गेलोच नाही.
आजा मुंबई इलाख्यात जन्मला,
बापाचं लगीन म्हैसूर राज्यात लागलं,
मी कर्नाटकात म्हातारा होतोय.
घर तेच. नळ तोच, गळतो तोही तसाच.
शिवी कन्नडात, हिशेब मराठीत,
पगाराची चिठ्ठी इंग्रजीत,
आणि बसाप्पा माझ्याशी तिन्हीत भांडतो.

नुंझियो एकदाच गावी गेला होता, साठीला.
पोरं हसली: आजोबा, असं आता कोण बोलतं?
त्याच्या तोंडात बोट सुटलेल्या दिवसाची भाषा होती.
नातवंडांना तीही नाही,
खाण्याचे चार शब्द, आणि एक शिवी.
तृप्तीला पुण्यात हसले होते हॉस्टेलच्या पोरी.
मुलगी असून म्हणते, मी आलो, मी जेवलो.
आमच्याकडं तसंच म्हणतात, ती म्हणाली होती,
मग तिथं तसं म्हणायची बंद झाली.
इंग्रजी पक्कं केलं.

फेब्रुवारीत वरचा खोकला थांबला.
मुलगा आला, चाव्या मोजल्या, बोर्ड लावला.
गोऱ्या-काळ्या, पंजाबी, सगळ्या जातीची गिऱ्हाइकं
परसात उभी राहून विचारायची,
हे दार जमिनीवर का?

आज गेटाला गाडी लांब आहे. बॉक्साइट की काय.
अप्पा, बर्फ गेलं. उकरू का? घर आता दुसऱ्याचं.
मागं हॉर्न सुरू झालेत, अजून फाटक पडलेलंच.
मी म्हणालो, फावडं सरळ मारू नको.
शेवटची वीतभर माती हातानं काढ,
आत गरम आहे असं समजून.
ओल बघ आधी, मुठीत घेऊन.

बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मग ती म्हणाली,
मी काढतो, अप्पा.