पांढरी एक

पागनीस पागेत, शिंप्याच्या दुकानावर
खासगीवाले बाईंचा वर्ग.
पहिल्या दिवशी त्यांनी मला गायला सांगितलं नाही.
बोलायलाही नाही.
काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, त्यात एक नळी.
"फुंक. हूं म्हणत फुंक."
एकोणीस वर्षं चोइथराम मंडीत
लसणाचा लिलाव पुकारलेला माणूस मी,
ट्रकांचे हॉर्न माझ्यापुढं मागे सरायचे,
तो मी बुडबुडे काढत बसलो.
शेजारी वादविवाद स्पर्धेसाठी आलेली दहावीतली मुलगी,
तिला हसू आवरेना.

कानाघशाच्या डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं होतं:
दोन पांढुरक्या कडा, आणि त्यांवर
साबुदाण्याएवढं काहीतरी.
"घाबरू नका, घट्टा आहे.
हमालाच्या खांद्याला पडतो तसाच."

बाईंनी बंद केलं ते जिरावण,
रात्रीची सराफ्यातली चक्कर,
आणि खाकरणं.
खाकरणं सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागले.
आमच्याकडे ते पिढीजात.
वडील जिन्यात खाकरले
की घरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची.

मग एकदा वर्गातच फोन आला,
कुणी गाडीभाडं सांगत होतं,
मी नुसता हं, हं करत होतो.
बाईंनी पेटीवर बोट ठेवलं.
"हा. हाच तुझा सा. पांढरी एक.
इतकी वर्षं कुणाच्या पट्टीत ओरडत होतास?"
मला माहीत होतं कुणाच्या.
सांगितलं नाही.

मंगळवारी लिलाव त्या सुरात पुकारला.
साढ़े नौ हजार, साढ़े नौ,
पोटातून, जबडा सैल,
शिकवलं होतं अगदी तसं.
कुणी कान दिला नाही. ढीग दोनशेनं खाली सुटला.
"भिया, बुखार है क्या?" बंसल शेठनं विचारलं.
पुढच्या ढिगाला मी पुन्हा जुना झालो.

वाटलं बाई रागावतील.
त्या पेटीचा भाता बांधत होत्या.
म्हणाल्या, "मंडीला मंडीचा आवाज लागणारच रे.
पण निघताना तो तिथंच काट्यावर ठेवून यायचा.
तू घरी घेऊन जातोस."

मी चपला घातल्या.
खाली शिंप्याचं मशीन एका सुरात चाललं होतं,
उभं राहून थोडं ऐकलं,
काळी चार असावी, किंवा माझा अंदाज चुकला असेल.

घरी दार लोटलं.
"अरू."
कुकरच्या आवाजावरून ती आतून म्हणाली,
"कोण आलंय?"

"मी."

हात पुसत ती बाहेर आली.
आधी माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या खांद्यावरून मागं,
जिन्यात.
तिथं कुणी नव्हतं.