फक्त पाणी

बाई घोरते, हे आमच्या घरात
अठ्ठावीस वर्षं कुणी मोठ्यानं म्हटलं नाही.
दिगंबर नुसता उशी उचलून हॉलमध्ये जायचा,
सकाळी म्हणायचा, पंख्याचा फार आवाज होता.

मग वाशीच्या दवाखान्यात एक रात्र
डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून
त्यांनी मोजलं:
तासाला एकेचाळीस वेळा माझा श्वास थांबतो.
मी मसाला मार्केटात काट्यावर बसते,
आकडा मला कळतो.
चाळीसच्या पोत्याला एकेचाळीस भरले
म्हणजे काट्यावर कुणाचा तरी पाय आहे.

आता उशाशी यंत्र.
तुर्भ्याहून मिरचीची धूळ नाकात घेऊन
मी कोपरखैरण्याला येते, अंघोळ करते,
पुन्हा करते, तरी ब्याडगी जात नाही.
मुखवटा चढवला की यंत्र वारा ढकलतं
आणि नाक दार उघडत नाही.
वारा बाहेरच उभा, बेल वाजवत,
हप्त्याच्या वसुलीला आलेल्या माणसासारखा.

आई असती तर म्हणाली असती, निलगिरी.
तिचं सगळ्यावर तेच.
रुमालाच्या टोकाला एक थेंब,
टोकाला गाठ, रुमाल फ्रॉकला पिनेनं लावलेला,
आणि वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही.
नाक मात्र मोकळं असायचं.

तर एका रात्री
यंत्राच्या डबीतल्या पाण्यात
मी दोन थेंब टाकले.
कुणाला विचारलं नाही.
झाकण लावलं, बटण दाबलं.

पहिल्या श्वासाला वाटलं, वा.
दुसऱ्या श्वासाला आई आली.
तिसऱ्याला आई रागावली.
घसा चरचरला, डोळे वाहायला लागले,
छातीत ओल्या लाकडाचा धूर,
आणि खोकला. मुखवट्यात खोकणं म्हणजे
गोणीत कोंडलेलं मांजर.
दिगंबरनं पट्टे उलट्या बाजूनं ओढले,
त्याबरोबर माझे चार केसही आले.

शनिवारी फैयाज आला, घणसोलीहून, स्कूटरवर.
डबी उघडून नुसता वास घेतला
आणि माझ्याकडे पाहिलं,
जसं मी पाहते भिजलेल्या धण्याच्या पोत्याकडे.
"ताई, हे फेकायचं. डबी, नळी, दोन्ही.
प्लास्टिक तेल पितं, मग सोडत नाही."
धुवून चालणार नाही का?
"डबी धुवाल. फुफ्फुस कुठे धुवाल?"
आत फक्त पाणी, डिस्टिल्ड, रोज नवं.
नाकाचं डॉक्टरला विचारा.
पावती दोन हजार सातशेची.
निलगिरीची बाटली पंचावन्नची होती.

डॉक्टरनं मिठाच्या पाण्याचा फवारा दिला,
यंत्राची ऊब एका अंकानं वाढवली,
मार्केटातही मास्क लावा म्हणाला.
पहिल्या दिवशी धोंडू हमाल पोतं टेकवून म्हणतो,
"काय बाई, आता दिवसापण झोपायचं का?"
मी त्याचं पोतं दोनदा तोललं.

बाटली टाकली नाही.
स्वयंपाकघरात आहे, मोहरीच्या डब्यामागे.
कधी झोपण्याआधी बूच काढते,
हातभर लांब धरते, पुन्हा लावते.
हात धुते, मग खोलीत जाते.

दिगंबर आता खोलीतच झोपतो.
झोपतो म्हणजे पडून असतो.
परवा म्हणाला, आवाज होता तेव्हा
हॉलमधून कळायचं.
काय कळायचं?
तो यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला.

पहाटे कधी जाग आली तर
मुखवट्यापुढच्या बारीक भोकांशी
त्याचा तळहात असतो,
बाहेर येणारा वारा चाचपत.
त्या वाऱ्याला कशाचाच वास नसतो.