वीतभर

पत्रा शकूरभाईंचा. यावलच्या स्टँडमागे
ते कूलर बनवतात, डिसेंबरात रिकामेच असतात.
आम्ही कागदावर काढलेला कर्णा उलटासुलटा पाहून विचारलं,
पाणी कुठून सोडायचं?
पाणी नाही, म्हटलं.
मग हवा? हवाही नाही.
रिव्हेट मारता मारता एवढंच म्हणाले,
एवढ्या मोठ्या तोंडाचा डबा
कोणी रिकामा ठेवायला घेत नाही.

तो आता फेगड्यांच्या मळ्यात, पंपाच्या खोलीवर,
केळीच्या पानांहून हातभर उंच.
तोंड उत्तरेला, सातपुड्याच्या बरंच वर, शर्मिष्ठेकडे.
कोनमापक कंपासपेटीतला,
ओळंब्याला ट्रॅक्टरचा नट.
खुशबू तडवीच्या मांडीवर लॅपटॉप,
हितेन बऱ्हाटे केबल धरून, सोडली की ती निसटते.
मी वहीत वेळ लिहिते.

सात दहा. गोंगाट.
सात वीस. गोंगाट.
खालचा पंप, बांधावरची डीपी, पलीकडचा टॉवर,
साखरपुड्यात सगळे मामा एकदम बोलावेत
तसं चाललेलं पडद्यावर.

सरांनी वर्गात सांगितलं होतं,
हायड्रोजनचा अणू, त्याला कोणी छेडलं नाही तर,
कोटीभर वर्षांतून एकदा कूस बदलतो.
तेव्हा जी लहर सुटते ती एकवीस सेंटिमीटरची.
वीतभरच की, असं कोणीतरी मागून म्हणालं
आणि वर्ग हसला.
वाट बघताना आम्ही पट्टीवर विती टाकल्या.
माझी साडेएकोणीस. खुशबूची अठरा.
घड कापणारा गुलसिंग पावरा सुरी पुसत वर आला होता,
त्यानं काही न विचारता हात पसरला:
एकवीस, आणि वर एक रेघ.

सात बावन्नला लाईट गेली.
पंप थांबला. पाटातलं पाणी थोडा वेळ
आपल्याच नादात चालत राहिलं, मग तेही.
फैजपूरकडचा उजेड पुसला गेला
आणि पडद्यावरची रेघ खाली, खाली बसत गेली,
आणि एका जागी बसेना.
तव्यावर भाकरी एका कडेनं फुगते तशी.
शेजारी दुसरा फुगवटा, लहान.
हितेननं केबल धरलेलीच होती, त्याला वळताही येईना,
सांगा ना कोणी, सांगा ना, म्हणत राहिला.
पहिला आपल्या अंगणातला, खुशबू हळू म्हणाली,
दुसरा ययातीच्या भुजेतला,
सरकलाय बघ, तो आपल्याकडे येतोय.

खाली फेगडेकाका फोनवर वायरमनला
बापजाद्यांसकट आठवत होते.
अर्धा मळा कोरडा होता त्यांचा.
आणि आम्ही वर तिघं, खाऊन त्यांचंच भरीत,
मनात म्हणत होतो, अजून दहा मिनिटं येऊ नको, बाई.

आठ एकोणीसला आली.
रेघ उसळली, सगळे मामा परत बोलायला लागले.
काका जिना चढून आले.
'काय गवसलं वं तुमाले?'
गॅस, काका. तिकडे वर, खूप.
'गॅस तं घरीबी हाये. तिकडं काय भाव?'
गुलसिंग मात्र हसला नाही.
पट्टी पुन्हा मागून घेतली,
पुन्हा मोजला हात.

नकाशाच्या वहीत चौकोन तीनशे साठ.
त्या रात्री एक भरला, पेन्सिलनं.
घरी तीनदा कूस बदलली तेव्हा आई अंधारातून म्हणाली,
झोप ना वं आता.
झोपतेच, म्हटलं.
उद्या केबलला नवीन पिन बसवायची आहे.