कमी

सभा गच्चीवर होती, पाण्याच्या टाक्यांमध्ये.
मंडळाच्या खुर्च्या, बिल्डरचा माइक,
वेफर्सही बिल्डरचेच.
हायवेचा आवाज कठड्यापर्यंत येऊन थांबत होता.
कुणाला काही विचारायचंय? सावर्डेकर म्हणाले,
चपला घातलेल्या पाहुण्याला
जेवून जाताय का विचारतात, तसं.

मी हात वर केला.
माझाच हात. मलाही तो जरा उशिराच दिसला.

घरून निघताना मी शब्द चाचपून घेते.
स सरकतो.
अ, उ, ए यांना दारच नाही.
प, ब, क यांच्यासमोर मी उभी.
म्हणून अख्ख्या कन्नमवार नगरला वाटतं
मला बटाटावडा आवडत नाही.
तीस वर्षं मी इडली खाते.
गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणता येत नाही,
'उद्या या' म्हणते
आणि रात्रभर शिवत बसते.

शाळेत माझा 'हजर' बाहेर येईपर्यंत
मुणगेकरबाई तीन नावं पुढे गेलेल्या असायच्या.
चौथीच्या प्रगतिपुस्तकात मी निम्मं वर्ष गैरहजर आहे,
पहिल्या बाकावर बसून.

सदतिसावं उघडा, मी म्हणाले. 'पान' गाळलं.
कागद उलटले.
मी टेपवर जगणारी बाई. रात्री गुणाकार केले होते, तीनदा,
हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर, बाथरूम.
वर लिहिलेत चारशे चौऱ्याऐंशी,
खाली भरतात चारशे त्रेचाळीस.
"एकेचाळीस," मी म्हणाले.
आकडा ए-नं सुरू होत होता, नशीब.
"एकेचाळीस फूट क—"

जीभ मागे जाऊन चिकटली.
मान डावीकडे ओढली गेली, डोळे आपोआप मिटले.
आणि माणसं मदतीला धावली.
"कार्पेट?" बिल्डरचा अद्वैत, गोड मुलगा.
"करारात?" सावर्डेकर.
"कशाला?" मागून कुणीतरी, मग हशा.
"कबूल!" अद्वैत म्हणाला, "ताई म्हणतायत, कबूल!"
टाळ्या सुरूही झाल्या
पहिल्या रांगेत, जिथे वेफर्स आधी पोचले होते.

'उणे' तयार होता.
जिभेच्या टोकावर, मऊ, इडलीसारखा.
पण कापड कमी पडतं तेव्हा
कुणी उणे पडलं म्हणत नाही.

मशीनमध्ये दोरा गुंतला की ओढायचा नसतो.
चाक हातानं मागे घ्यायचं, अर्धा टाका,
मग पुढे.
मी तळहात अद्वैतसमोर धरला
आणि माइक सोडला नाही.
क.
क.
समोरच्या इमारतीवर आपटून प्रत्येक क परत येत होता.
तिकडे गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढायची थांबली.
टाळ्या एकेक करून गळाल्या.
किती वेळ गेला?
जयवंती म्हणते, एक वेफर चावून होईल एवढाच.
माझ्या हिशेबानं दोन बाह्या जोडून झाल्या असत्या.

"कमी.
एकेचाळीस फूट कमी आहे. प्र— प्रत्येकाला."

मग मोबाइलचे उजेड लागले, बोटं गुणाकार करू लागली.
हुल्याळकर, जे जिन्यात कधी ओळख देत नाहीत,
त्यांनी मला विचारलं, कुठली खोली म्हणालात?
अद्वैत म्हणाला, म्हणजे, ते, म्हणजे, आम्ही बघतो.
त्याला कुणी शब्द पुरवला नाही.

सकाळी टपरीवर ब म्हणून बघितला.
नाही निघाला. मागे रांग होती.
इडली घेतली.

दुपारी एक मुलगी ब्लाऊजपीस घेऊन आली,
उद्या मिळेल ना, म्हणाली.
मी म्हणाले, प—
ती उंबऱ्यातच टेकली,
वाट बघत.